जुन्या आयरिश स्टेशनची बिल्डिंग घरी बनवायची तर आधी विटा मोजा

डंडॉक स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उतरलात तर गाडी सुटू द्या आणि पाच मिनिटं नुसतं भिंतीकडे बघत उभे राहा. पिवळी वीट, त्यात लाल विटांचे आडवे पट्टे, मध्ये काळ्या विटा, खिडक्यांच्या कमानींत पुन्हा तेच रंग आलटून पालटून. १८९० च्या दशकातलं हे काम, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या विल्यम मिल्स ह्या इंजिनियरचं. ह्या कंपनीच्या बऱ्याच स्टेशनांना त्यानं हेच रूप दिलं, त्यामुळे एकदा डोळ्यात बसलं की डब्लिन ते बेलफास्ट लाइनवर खिडकीतूनसुद्धा ओळखू येतं. पुण्यात शाळेत असताना कोथरूडला जोशींच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये मी तासन् तास काचेला नाक लावून उभा असायचो, आता डब्लिनला राहतो आणि स्वतःच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर हेच पिवळं-लाल स्टेशन हवं होतं. तयार किट मिळतात ती बहुतेक इंग्लंडच्या स्टेशनांची, ती रंगवून आयरिश होत नाहीत, म्हणून सगळं शून्यातून बांधलं. दोनदा बांधलं खरं तर, पहिलं का फुकट गेलं ते पुढे येईलच.

खाली दिलेली मापं ओओ स्केलची आहेत, म्हणजे खऱ्या १ फुटाला ४ मिमी. रुळांचं एक आधीच सांगून टाकतो कारण लोक त्यात अडकून पडतात. आयर्लंडचा ब्रॉडगेज १६०० मिमी, आपल्याकडच्या १६७६ पेक्षा थोडा कमी आणि इंग्लंडच्या १४३५ पेक्षा जास्त. ४ मिमी स्केलमध्ये तो २१ मिमी यायला हवा पण बाजारातले ओओचे रूळ १६.५ मिमीचे असतात. बहुतेक जण १६.५ वरच चालवतात, मी पण. बिल्डिंगला त्यानं काहीच फरक पडत नाही, स्टेशन आज बांधा, रुळांचं मन नंतर बदललं तरी चालेल.

आधी साल पक्कं करा

"जुनं आयरिश स्टेशन" एवढ्यावर काम सुरू करू नका, एक साल घ्या. मी १९३६ घेतलं. १९२२ मध्ये दक्षिण आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं झालं आणि उत्तर ब्रिटनकडेच राहिलं; त्यानंतर दक्षिणेत लाल पोस्टाच्या पेट्या हिरव्या रंगवल्या गेल्या, पण पेटीवरची राणीची किंवा राजाची अक्षरं तशीच राहिली, हिरव्या रंगाखाली. म्हणजे स्टेशनच्या भिंतीत बसवलेली इवलीशी पेटी लाल केलीत की हिरवी, ह्यावरून बघणाऱ्याला साल आणि सरहद्दीची बाजू दोन्ही कळतं, कारण ग्रेट नॉर्दर्नच्या लाइनी सरहद्दीच्या दोन्हीकडे होत्या आणि उत्तरेत पेट्या लालच राहिल्या. नावाच्या पाटीचं पण तसंच, दक्षिणेत आयरिश नाव वर आणि इंग्रजी खाली. जुन्या आयरिश लिपीत काही व्यंजनांवर टिंब असतं, ते सोडलं की शब्दच चुकतो, तेव्हा पाटी प्रिंट करण्याआधी आयरिश येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. आणि १९५८ नंतरचं साल घेतलंत तर कंपनीच उरलेली नाही, त्या ऑक्टोबरमध्ये ग्रेट नॉर्दर्न उत्तर आणि दक्षिणेच्या दोन सरकारी कंपन्यांत वाटली गेली, मग रंग आणि पाट्या सगळंच बदलतं.

माप कुठून आणायचं

स्टेशन अजून उभं असेल तर जा. टेप, वही, आणि एक मीटरची लाकडी पट्टी जिच्यावर दर १० सेंमीला काळा-पांढरा रंग दिलाय. ती पट्टी भिंतीला टेकवून अगदी समोरून फोटो काढायचा, तिरका नाही. एकाच फोटोत पूर्ण भिंत बसवायच्या नादात लांब जाऊ नका, तुकड्यातुकड्यानं काढा. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या रेषेच्या आतच राहायचं, रुळांच्या बाजूला उतरायचं नाही. बंद पडलेल्या लाइनींची बरीच स्टेशनं आता लोकांची राहती घरं आहेत, तिथे आधी दार वाजवून विचारा, मला एका आजींनी चहा पाजला आणि वरून जुनी चिमणी कुठे होती तेही दाखवलं.

पाडून टाकलेलं स्टेशन असेल तर नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडचं लॉरेन्स कलेक्शन बघा, साधारण १८७० ते १९१४ मधले काचेच्या निगेटिव्हवरचे हजारो फोटो, बरेचसे ऑनलाइन आहेत. आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी १९४६ पासून कागदपत्रं जपतेय. जुन्या इमारतींच्या सरकारी यादीच्या वेबसाइटवर पण बऱ्याच स्टेशनांचे फोटो आणि वर्णन मिळतं.

आणि जुना २५ इंची नकाशा, म्हणजे खऱ्या एका मैलाला कागदावर साधारण २५ इंच. ह्याचं स्केल १:२५००, म्हणजे ओओमध्ये आणायला नकाशावरचं माप ३२.८ नं गुणायचं. नकाशावर ५ मिमी लांब दिसणारी इमारत मॉडेलात १६४ मिमी येते. पण नीट लक्षात घ्या, नकाशावर अर्ध्या मिमीची चूक झाली तर मॉडेलात १६ मिमीची चूक. म्हणून नकाशा फक्त आकार कळायला, खोली पुढे आलेली कुठे आहे, मागे शेड आहे का, एवढ्यापुरता. लांबीचा आकडा त्यातून घेऊ नका.

आकडा विटांतून घ्या. माझं मुख्य सांगणं हेच आहे आणि बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे. गवंड्यानं इमारत विटांत बांधलीय, तुम्ही पण विटांतच बांधा. दर्जेसकट, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यासकट, वीट ९ इंच लांब, साडेचार रुंद, आणि एक थर ३ इंचाचा धरला तर ओओमध्ये ती ३ मिमी लांब, दीड मिमी रुंद आणि थर बरोब्बर १ मिमीचा येतो. चार थर म्हणजे एक फूट. मग फोटोत फक्त थर मोजायचे, खिडकी कितव्या थराला सुरू होते, कितव्याला संपते, लाल पट्टा किती थरांचा. जितके थर तितके मिमी! कुठलं सॉफ्टवेअर नको, गुणाकार नको. प्रत्यक्ष गेलात तर १० थरांवर टेप लावून १० नं भागून खात्री करून घ्या, ठिकठिकाणच्या विटा थोड्या वेगळ्या असतात.

माझं स्टेशन कुठल्याच एका खऱ्या स्टेशनची नक्कल नाही, मिल्सच्या पद्धतीचं एक छोटं ब्रँच लाइनचं स्टेशन आहे. समोरची भिंत १६२ मिमी, म्हणजे ५४ विटा. त्यात पाच उघड्या जागा, चार खिडक्या आणि मधलं दार, प्रत्येक १२ मिमी म्हणजे ४ विटा. मधले खांब १८ मिमी, ६ विटा. टोकाचे दोन १५ मिमी, ५ विटा. बेरीज करून बघा, ६० अधिक ७२ अधिक ३०, बरोबर १६२. बाजूची भिंत ७२ मिमी, २४ विटा. उंचीत, वळचणीपर्यंत ४८ थर. खालचे ६ थर गडद विटांचं जोतं. ९ ते ११ लाल पट्टा, त्याच्यावर लगेच खिडकीची सिल. खिडकी ११ मिमीवर सुरू होऊन ३५ वर संपते, दुसरा लाल पट्टा ३३ ते ३५. दार २८ मिमी, त्यावर ७ मिमीचा काचेचा झरोका, म्हणजे दाराचं डोकं पण ३५ वर. हे आकडे जुळले की भिंत कागदावरच खरी दिसायला लागते. अर्धी वीट कुठेतरी उरतेय असं दिसलं तर मोजण्यात चूक आहे, पुढे जाऊ नका, परत फोटोकडे.

भिंती

गाभ्याला १ मिमी जाड प्लास्टिकची स्टायरीन शीट, तिच्यावर विटांचा उठाव असलेली साधारण अर्धा मिमीची शीट. स्लेटर्सच्या मिळतात, ४ मिमी स्केलच्या. घेताना बाँड, म्हणजे विटा रचायची पद्धत, बघून घ्या. नुसत्या लांब विटा एकावर एक दिसतायत तो स्ट्रेचर बाँड, तो आत पोकळी असलेल्या नंतरच्या काळातल्या भिंतींचा, ह्या काळातल्या जाड भिंतीला चालत नाही. इंग्लिश बाँडमध्ये एक थर लांब विटांचा आणि एक थर डोकी बाहेर आलेल्या आखूड विटांचा, फ्लेमिशमध्ये एकाच थरात एकाआड एक. तुमच्या फोटोत जो असेल तो. भारतात असाल तर आर्किटेक्चरच्या मुलांचं सामान जिथे मिळतं तिथे स्टायरीन किंवा जाड माउंट बोर्ड मिळेल, माउंट बोर्डचा गाभा पण उत्तम चालतो, फक्त कडांना पातळ फेव्हिकॉल लावून आधी सील करा.

पहिल्यांदा मी लाल पट्टे ब्रशनं रंगवले होते. मास्किंग टेप लावला तर दर्जांच्या खाचांतून रंग खाली उतरला, टेपशिवाय केलं तर हात हलला. आता मी पट्टे रंगवतच नाही, कापून बसवतो. कसं ते सांगतो. तीच विटांची शीट तीन वेळा घ्या, एक पिवळी रंगवा, एक लाल, एक गडद निळसर काळी. रंग पूर्ण वाळू द्या, मी दोन दिवस ठेवतो. मग तिन्ही शीटवर डावी कड एकाच विटेपासून धरून पिवळ्या शीटमधून पिवळे थर, लाल शीटमधून तेच ९ ते ११ नंबरचे थर, अशा पट्ट्या दर्जेच्या मधोमध कापायच्या. कटरचं टोक खाचेत ठेवलं की ते स्वतःच सरळ जातं, पट्टी लावायची पण गरज पडत नाही, फक्त दाब हलका ठेवून तीन चार वेळा फिरवा, एका दमात कापायला गेलात तर पातं खाचेतून उडून विटेवर चढतं. नवीन पातं प्रत्येक भिंतीला. मग खालून सुरुवात करून गाभ्यावर एकेक पट्टी चिकटवत वर जायचं, अगदी गवंडी बांधतो तसं. सांधा दर्जेतच असल्यामुळे दिसत नाही, आणि त्याच नंबरचा थर तिथेच बसवल्यामुळे बाँड पण तुटत नाही. लाल आणि पिवळ्याच्या मधली रेघ इतकी स्वच्छ येते की पहिल्यांदा जमलं तेव्हा मी ती भिंत रात्री टेबलावर उभी करून किती तरी वेळ बघत बसलो होतो.

गाभ्यातली खिडक्यांची भोकं आधीच कापून ठेवा, वरच्या विटांच्या पट्ट्या सलग चिकटवा आणि मग मागून गाभ्याच्या कडेला कटर टेकवून तीच भोकं विटांतून उघडा. काच गाभ्याच्या मागे लागली की खिडकी बाहेरच्या पृष्ठापासून बरोबर दीड मिमी आत जाते, खऱ्यात अर्धी वीट. ही खोली आली नाही तर खिडक्या भिंतीवर चिकटवलेल्या स्टिकरसारख्या दिसतात.

कोपऱ्याला दोन्ही भिंतींच्या कडा आतून ४५ अंशात घासायच्या. इथे थर जुळले पाहिजेत, लाल पट्टा कोपरा वळून गेला पाहिजे. अर्धा मिमी जरी वर खाली झाला तरी डोळा आधी तिथेच जातो. म्हणून भिंती उभ्या करताना खाली काच ठेवा, गुण्या लावा, आणि सगळ्या भिंतींचा पहिला थर काचेवर टेकलाय ना बघा.

आणि पहिलं स्टेशन का गेलं ते. मी चारी भिंती, तळ आणि छत सगळं घट्ट बंद करून टाकलं होतं. लिक्विड सिमेंटची (प्लास्टिक चिकटवायच्या पातळ द्रवाची) वाफ आत कोंडून राहिली आणि सहा महिन्यांत समोरची भिंत पापडासारखी आत वाकली. वाकलेली भिंत परत सरळ होत नाही. तेव्हा गाभ्याला ठिकठिकाणी २ मिमीची भोकं पाडा म्हणजे दोन शीटच्या मध्ये वाफ अडकणार नाही, सिमेंट कमी लावा, तळ उघडा ठेवा, आणि आतून खोल्यांच्या खऱ्या भिंती घाला, वेटिंग रूम, बुकिंग ऑफिस, स्टेशन मास्तरची खोली. त्याच आडव्या भिंती बाहेरच्या भिंतीला सरळ धरतात, आणि दिवा लावल्यावर एकाच खोलीत उजेड ठेवता येतो. काम करताना खिडकी उघडी ठेवा, हे सिमेंट नाकाला बरं नाही.

दर्जांचा रंग सगळ्यात शेवटी. मळकट पांढरा ॲक्रिलिक रंग पाण्यात दुधासारखा पातळ करून वीतभर भिंतीला लावायचा आणि मिनिटभरात जुन्या सुती कापडानं आडवा पुसायचा, खाचेत राहतो तेवढाच राहू द्यायचा. मग बारीक ब्रशनं दहातली एखादी वीट थोडी गडद, एखादी थोडी फिकट. पिवळ्या विटांत हे फार हळू हातानं करा, जास्त झालं की भिंतीवर पुरळ आल्यासारखं दिसतं.

कमानी आणि खिडक्या

कमानीसाठी कागदावर काढून घ्या, १२ मिमी रुंदी, मधोमध दीड मिमी उंचावलेली, आणि वर ३ मिमी जाडीची विटांची कड. ते पाव मिमीच्या स्टायरीनवर चिकटवून कटरच्या पाठीनं विटांच्या रेघा ओढा, वर रुंद खाली अरुंद. मधली वीट मधोमध यायला संख्या विषम ठेवा, माझ्या तेरा आल्या. रंग सगळ्यात छोट्या ब्रशनं, लाल, काळा, लाल, काळा, किंवा फोटोत जसं असेल तसं. एका बैठकीत एकच कमान करा.

खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, वरची फ्रेम बाहेर आणि खालची आत. म्हणजे पारदर्शक ओएचपी शीटचे दोन तुकडे, वरचा पुढे आणि खालचा अर्धा मिमी मागे. एवढ्यानं खिडकी जिवंत होते. ह्या काळात मोठ्या काचा आल्या होत्या, वर दोन आणि खाली दोन, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला एकच उभी पट्टी लागते. पट्टी खऱ्यात इंचभर, आपल्याकडे मिमीचा तिसरा भाग. पांढऱ्या स्टिकर कागदाच्या पट्ट्या कापून लावणं सगळ्यात सोपं. एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा.

छप्पर

आयर्लंडच्या जुन्या छपरांवर उत्तर वेल्सहून आलेली निळसर जांभळट स्लेट, म्हणजे पातळ दगडी कौलं, दिसते, लोक तिला बँगर ब्लू म्हणतात. नेहमीच्या मापांपैकी एक २० बाय १० इंच. ३ इंचांचा लॅप, म्हणजे स्लेट दोन ओळी खालच्या स्लेटीवर चढते तेवढा भाग, धरला तर उघडी दिसते ती साडेआठ इंच, म्हणजे आपल्याला २.८ मिमी उंच आणि ३.३ मिमी रुंद. साध्या प्रिंटरच्या कागदाच्या ५ मिमी उंच पट्ट्या कापा, दर ३.३ मिमीवर खालून अर्ध्यापर्यंत चीर द्या, आणि वळचणीपासून आढ्याकडे लावत जा, प्रत्येक ओळ अर्धी स्लेट सरकवून. छपरावर पेन्सिलीनं २.८ च्या रेघा आधीच आखून ठेवा. ह्या मापाच्या छपराला एका बाजूला साधारण १८ ओळी आणि ओळीत ५१ स्लेटी, दोन्ही बाजू मिळून १८०० च्या वर जातात. ऐकायला भयंकर वाटतं पण पट्ट्यांमुळे ३६ ओळीच चिकटवायच्या असतात, मी रोज रात्री जेवण झाल्यावर चार करायचो, नऊ दिवस लागले. दोन चार स्लेटी घसरलेल्या, एक तुटलेली, एवढं पुरे, स्टेशन चालू आहे, पडीक नाही. रंग देताना एकच राखाडी मारू नका, थोडा निळा, थोडा जांभळा, आणि ओलसर बाजूला हिरवट छटा.

चिमण्या खोल्यांवरून ठरतात. जिथे शेकोटी तिथे धुराडं, तेव्हा आतल्या भिंती आधी ठरवल्यात तर चिमणी कुठे येणार ते आपोआप कळतं. चिमणीची वीट पण त्याच थरांत मोजा. छप्पर जिथे चिमणीला भेटतं तिथे शिशाचा पत्रा असतो, चॉकलेटची चांदी वापरा, मंद राखाडी रंगवून.

पन्हाळ ४ इंची, म्हणजे १.३ मिमी, खाली येणारा पाइप १ मिमीचा प्लास्टिकचा दांडा. पाइप जमिनीपर्यंत नेऊन जाळीवर संपवा, अर्ध्यात सोडू नका. इथे पाऊस बाराही महिने असतो, त्यामुळे पन्हाळ गळते त्या जागी भिंतीवर हिरवट ओघळ हवाच, पण फोटोत बघून, एका दोन ठिकाणीच.

बसवणं आणि दिवे

बिल्डिंग प्लॅटफॉर्मवर ठेवू नका, रोवा. प्लॅटफॉर्ममध्ये १ मिमी खोल खाच करून भिंती त्यात उतरवा, भिंतीखाली उजेडाची फट दिसली की इतक्या दिवसांची मेहनत गेली. त्या १ मिमीसाठी खाली एक जास्तीचा थर आधीच धरून ठेवा, नाहीतर दार बुटकं होतं. आतल्या भिंतींना काळा रंग देऊन मग वरून खोलीचा रंग, म्हणजे प्लास्टिकमधून उजेड झिरपत नाही. एलईडी पिवळसर घ्या, आणि १२ व्होल्टवर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, तेलाच्या दिव्याच्या काळातला उजेड मंदच असतो.

बाहेर दुधाचे कॅन, गिनेसची लाकडी पिंपं, भिंतीला टेकवलेली एक सायकल. माझ्याकडे एवढंच आहे, आणि दाराच्या डाव्या हाताला, दुसऱ्या लाल पट्ट्याच्या बऱ्याच खाली, हिरवी पोस्टाची पेटी. तिच्यासाठी दोन विटा रुंद आणि सहा थर उंच जागा मी सोडून ठेवली होती, पहिल्या दिवशीच्या कागदावरच.